इंजिन फिरते तेवढा वेळ

काही गावे देवामुळे नावारूपाला येतात, काही गडकोटांमुळे. आमच्या दौंडाला ओळख दिली ती रुळांनी. भीमेकाठी गाव आधीपासून होतेच. पण १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून दिक्सळपर्यंत आगगाडी धावू लागली आणि साहेबाच्या जिभेवर दौंडचे 'धोंड' झाले. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला, तेव्हा गावाच्या कपाळी 'जंक्शन' हा शब्द कायमचा लिहिला गेला. १९१४ साली बारामतीची चिमुकली नॅरोगेज गाडीही येऊन मिळाली.

मी नोकरीपायी शिरूरला राहतो. घोडनदीकाठचे हे गाव पुणे-नगर रस्त्यावर रेल्वेवाचून मजेत नांदते आहे. इथली मौज अशी की, १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेस नावाच्या साहेबाला लोकांनी चक्क 'सत्पुरुष' करून टाकले! मला मात्र मनमाडच्या फाट्यावर, १८७६-७७ च्या दुष्काळात, पोटासाठी माती वाहणारी माणसे आठवतात. त्यांना कोणी नारळ फोडत नाही.

माझे आजोबा फायरमन. साताऱ्याकडून बदलीवर आले. रेल्वेच्या चाळीत तमिळ मास्तर, तेलुगू फिटर, गोव्याकडचे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर असे शेजारी. अपरात्री कॉलबॉय दारावर थाप मारी. एका घराला हाक दिली की चार घरे जागी होत, आणि चहाचे आधण मात्र एकाच घरी पडे.

गावाचे सारे वैभव एका अडचणीत होते. मनमाडहून सोलापूरकडे जाणारी गाडी दौंडात शिरे, ती पुण्याकडे तोंड करून. मग इंजिन सोडायचे, दुसऱ्या टोकाला जोडायचे. तेवढ्या वेळात उतारू पाय मोकळे करीत, चहा घेत, सुरईत पाणी भरून घेत. त्या अडचणीवर कितीतरी चुली पेटत.

२०२० च्या सुमारास गावाबाहेर कॉर्ड लाइन झाली. त्या गाड्यांना आता इंजिन फिरवावे लागत नाही. प्रवाशांचा वेळ वाचला, हे चांगलेच झाले. पण ज्याच्यासाठी गाडी थांबायची, ते कारणच गेल्यावर गावाचे काय उरते, हा प्रश्न मला छळू लागला.

कारण आमचे अण्णा अजून तिथेच आहेत. निवृत्त गार्ड, आई गेल्यापासून एकटे. "शिरूरला चला, आता तिथे काय राहिलंय?" असे मी प्रत्येक खेपेला म्हणतो. गेल्या खेपेला ते जरा रागावूनच म्हणाले, "माझ्या बापाची इथं बदली झाली होती. बदलीचं गाव सोडायला काहीच लागत नाही रे. तरी आम्ही राहिलो ना? मग आता गाडी थांबत नाही म्हणून मी का उठू?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. परवा त्यांच्या गल्लीतल्या एका वृद्ध ख्रिस्ती शेजारणीने मला फोनवर बजावले, "अण्णांची काळजी करू नको. रात्री त्यांचा दिवा मालवला की मगच मी माझा मालवते."

हे ऐकल्यावर सौभाग्यवतीने फराळाचे डबे दोन भागांत करायला घेतले. यंदाची दिवाळी आम्ही दौंडातच करणार आहोत. अण्णांना शिरूरला न्यायची गोष्ट मी काढणार नाही.