फुकटची खुर्ची आणि आईचे गुडघे

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'विमानात फुकट बिझनेस क्लास मिळवण्याच्या ११ खात्रीशीर युक्त्या.' कोट घाला, लवकर पोचा, काउंटरवरच्या मुलीकडे बघून छान हसा, आज वाढदिवस आहे म्हणून सांगा, नवीन लग्न झालंय म्हणून सांगा. खाली लगेच बारा अंगठे आणि एकाचा प्रश्न, "लग्नाला बावीस वर्षं झाली असतील तर?"

हसलो, पण नंतर म्हटलं, यावर लिहायलाच पाहिजे. कारण यातल्या निम्म्या युक्त्या मी स्वतः करून बसलोय.

मी गेली चौदा वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत मशिनरीच्या सर्व्हिसिंगचं काम करतो. मशीन जिथं बंद पडेल तिथं बॅग उचलून जायचं. महिन्याला दोन-तीन विमानप्रवास ठरलेले. सुरुवातीच्या काळात कुणीतरी सांगितलं की कोट घातला की अपग्रेड मिळतं. म्हणून ऐन मे महिन्यात, लोहगावच्या विमानतळावर, लग्नातला ब्लेझर घालून गेलो. घामानं कॉलर भिजली. सीट मिळाली सत्ताविसाव्या रांगेतली, मधली. वाढदिवसाचीही थाप एकदा मारून पाहिली. काउंटरवरच्या मुलीनं आधारकार्ड हातातच धरलं होतं. तिनं त्यावरची जन्मतारीख बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता बोर्डिंग पास दिला. तेवढी लाज मला दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती.

पुढं येणंजाणं वाढलं तशी या लोकांशी ओळख झाली आणि आतला कारभार कळला. तो अगदी साधा आहे. बरीच माणसं तिकीट काढून येतच नाहीत, म्हणून विमान कंपन्या खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. एखाद्या दिवशी सगळेच हजर झाले, की मागे माणसं जास्त आणि पुढे बिझनेसमध्ये चार खुर्च्या रिकाम्या, असा पेच होतो. मग मागच्या चार जणांना पुढं बसवलं की प्रश्न मिटतो. फुकटचं अपग्रेड म्हणजे बहुतेक वेळा एवढंच. कंपनीची अडचण निघते, आपलं नशीब उघडतं. आणि ते चार कोण, हे काउंटरवरच्या मुलीला तुमचं हसू किती आवडलं यावर ठरत नाही. यादी कंप्युटर लावतो. आधी त्या कंपनीचं सोनेरी-चंदेरी कार्ड असलेले नेहमीचे प्रवासी, मग महाग भाड्याचं तिकीट असलेले. तिकिटावर भाड्याचं एक अक्षर असतं, बघा कधीतरी. एकाच विमानात, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, एकाचं अक्षर वाय असतं आणि दुसऱ्याचं वेगळंच, आणि पैशात दुपटीचा फरक असतो. सेलमध्ये घेतलेल्या तिकिटाला यादीत शेवटचा नंबर. आणि एका पीएनआरवर चौघं असतील तर आशा सोडाच, कारण चार खुर्च्या एकदम रिकाम्या असणं दुर्मीळ. एकट्या माणसाला हलवणं सोपं.

मग शक्यता वाढवायची कशी? खरं उत्तर कंटाळवाणं आहे. वर्षात आठ-दहा वेळा उडत असाल तर दर वेळी शंभर रुपये स्वस्त बघत पाच कंपन्यांत फिरू नका. एकाच कंपनीशी किंवा एकाच गटाशी चिकटून राहा आणि दर तिकिटावर आपला सभासद क्रमांक घाला. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, म्हणजे लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सचा प्रवासही त्याच खात्यात धरता येतो. दिवस निवडताना डोकं लावा. सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी बिझनेस क्लास साहेब लोकांनी भरलेला असतो. दिवाळीत आणि मे महिन्यात उलट, मागे लेकुरवाळी गर्दी आणि पुढे खुर्च्या मोकळ्या. आणि हेही खरं की आता फुकटचं कमी होत चाललंय. प्रवासाच्या काही दिवस आधी मेल येतो, 'बोली लावा'. लिलावच तो. जी खुर्ची पूर्वी नेहमीच्या गिऱ्हाइकाला सहज द्यायचे, ती आता शेवटच्या तासापर्यंत रोख विकायला काढतात. जमवलेले पॉइंट वापरून खुर्ची पक्की करणं त्यापेक्षा भरवशाचं.

एवढं शहाणपण आल्यावर मला खरंखुरं अपग्रेड मिळालं. ते मात्र मला अजून टोचतं.

बहीण लंडनजवळ असते. तिचं पहिलं बाळंतपण होतं, आईला न्यायचं होतं. नेमकं त्याच आठवड्यात माझं मँचेस्टरला काम निघालं. म्हणून एकाच विमानानं मुंबईहून निघालो. माझं तिकीट कंपनीचं, आईचं मी वेगळं काढलेलं, मिळेल तितकं स्वस्त बघून. आईचं वय तेव्हा अडुसष्ट. दोन्ही गुडघे गेलेले. साताऱ्याच्या आमच्या घरात तीन पायऱ्या चढताना ती भिंतीला हात लावून थांबते. मी आपलं ठरवलं होतं, शेजारी बसू, तिचे पाय माझ्या बॅगेवर ठेवू, निघेल रात्र.

गेटवर आईचा बोर्डिंग पास हिरवा झाला. माझा लावला तर मशीन ओरडलं. तिथल्या मुलीनं नवा पास छापून दिला आणि म्हणाली, "अभिनंदन सर, तुम्हाला अपग्रेड आलंय." सीट नंबर पाच.

मी म्हटलं, "माझ्याऐवजी आईला द्या. तिचे गुडघे बघा."

ती खरंच चांगली मुलगी होती. तिनं कुणाला तरी फोन करून विचारलंही. मग म्हणाली, "सर, ते तुमच्या नावावर आलंय, दुसऱ्याला देता येत नाही. तुम्ही नको म्हणालात तर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल."

मागं रांग खोळंबलेली. आई म्हणाली, "अरे जा की. तुला उद्या काम आहे. मी काय, कुठंही झोपते."

आणि मी गेलो. नाही म्हणता आलं असतं. तिच्या शेजारी बसता आलं असतं. पण दहा तास आडवं पडायला मिळणार होतं, आणि ती जा म्हणाली होती, म्हणून मी गेलो. पडद्यापलीकडं गरम टॉवेल दिला, काचेच्या ग्लासातून सरबत दिलं. झोप काही लागली नाही. चार तासांनी उठून मागं गेलो. आई जागीच होती. शाल गुडघ्यांना गुंडाळून, बुटांतून पाय काढून बसली होती, पावलं सुजून टम्म. शेजारच्या पंजाबी बाईंशी खुणांनी गप्पा चालल्या होत्या. मला बघून पहिला प्रश्न, "काय काय दिलं रे खायला?"

यात कंपनीची चूक काहीच नाही. तिच्या हिशेबानं ती खुर्ची माझीच होती. माझ्या कार्डाची, माझ्या कंपनीनं भरलेल्या महाग भाड्याची. ज्याला गरज आहे त्याला ती जावी असं त्या यादीत कुठंच लिहिलेलं नसतं. आणि आता एक गोष्ट सांगतो, माझे सरकारी नोकरीतले मित्र रागावतील. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २००८ च्या अर्थ मंत्रालयाच्या आदेशात स्पष्ट म्हटलंय की सरकारी कामाच्या प्रवासातून जमलेले पॉइंट सरकारी प्रवासासाठीच वापरायचे, खाजगी वापरले तर खात्याची कारवाई. म्हणजे जनतेच्या पैशावर जमलेली पुण्याई जनतेची. खाजगी कंपनीत माझ्यासारख्याला कुणी विचारत नाही, म्हणून मी मिरवतो.

आता दुसरी बाजू. खरं तर हे सगळं लिहितोय ते हिच्यासाठी.

पुढच्या वर्षी आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. विश्रांतीला ती धाकट्या भावाकडं गुरुग्रामला राहिली. परत आणताना डॉक्टर म्हणाले, पाय फार वेळ दुमडून ठेवू नका. आम्ही तिघा भावंडांनी पैसे घालून तिला दिल्ली ते पुणे बिझनेसचं तिकीट काढलं. बावीस हजार रुपये. फुकट काही मागितलं नाही, मोजून दिले. आणायला मी गेलो होतो. काउंटरवर गेल्यावर उत्तर मिळालं, "विमान बदललंय, पुढं खुर्च्या कमी आहेत. आईंना इकॉनॉमीत बसावं लागेल. हे दोन हजारांचं व्हाउचर घ्या."

याला म्हणतात डाउनग्रेड. यासाठी नियम आहे, आणि फार कमी लोकांना तो माहीत आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून डीजीसीएनं ठरवून दिलंय की वरच्या वर्गाचं तिकीट असताना तुमच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं, तर देशांतर्गत प्रवासात करासकट तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यायची. परदेश प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के. वर प्रवासही घडवायचा. बावीस हजारांचे ७५ टक्के म्हणजे साडेसोळा हजार. आणि हातात ठेवत होते दोन हजारांचं व्हाउचर, तेही सहा महिन्यांत वापरायचं.

मी व्हाउचर घेतलं नाही. आवाजही चढवला नाही. म्हटलं, "डाउनग्रेड केलंय असं मला लिहून द्या." तिथं पहिल्यांदा साहेब बाहेर आले. लिहून मिळायला पाऊण तास लागला. पहिल्या रांगेतली, पाय पसरता येतील अशी सीट आईला त्यांनी दिली, हे खरं. पुण्यात आल्यावर कंपनीला मेल, उत्तर नाही. मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार, सोबत तो कागद, जुना आणि नवा दोन्ही बोर्डिंग पास. सातव्या आठवड्यात साडेसोळा हजार खात्यात आले.

आमच्या मराठवाड्यातल्या एका खासदारांचं २०१७ सालचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. पुण्याहून दिल्लीला निघाले, हातात बिझनेसचं तिकीट, आणि विमानात बिझनेस क्लासच नव्हता. पुढं चप्पल निघाली, विमान कंपन्यांनी बंदी घातली, त्याच वर्षी बेशिस्त प्रवाशांच्या यादीचे नियमही आले. चप्पल चूकच. पण तेव्हा ७५ टक्क्यांचा नियम नव्हता. आज तो आहे, तर आपण 'जाऊ दे, दोन हजार तर दोन हजार' म्हणून निघून येतो.

तसंच तिकीट पक्कं असून, वेळेवर पोचूनही जागा नाही म्हणून मागं ठेवलं तर. आधी कंपनीनं कुणी स्वखुशीनं थांबतंय का असं विचारायचं असतं. (तुम्हाला घाई नसेल तर हात वर करण्याची हीच वेळ. पुढच्या विमानात चांगली सीट मागून घ्या, तेव्हा तुमच्या शब्दाला वजन असतं.) कुणी तयार नसेल आणि तुम्हाला जबरदस्तीनं थांबवलं, तर तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात सोय केली तर भरपाई नाही. २४ तासांच्या आतल्या विमानात सोय केली तर मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. दाद मागायला एअरसेवा आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. कागद मात्र सगळे जपून ठेवा. बोर्डिंग पास विमानातच टाकून येऊ नका.

रेल्वेचं एक सांगतो. तिथं २००६ पासून आपोआप अपग्रेडची सोय आहे. पूर्ण भाडं भरलेलं असलं आणि वरच्या वर्गात बर्थ रिकामा असला, तर चार्ट बनताना कंप्युटरच वर सरकवतो. तिकीट काढताना एका चौकटीत खूण करायची, बस. ब्लेझर लागत नाही.

ग्रुपवर मी हे थोडक्यात लिहिलं, तर वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "ते सगळं ठीक, पण आमदारांच्या पीएचा फोन गेला तर होतं का?" काय बोलणार.

आईचं दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन आता दिवाळीनंतर आहे. त्याआधी तिला नातवाला बघायला लंडनला जायचंय. पॉइंट वापरून तिची पुढची सीट होते का ते बघतोय, जवळपास जमलंय. तिला सांगितलं तर म्हणाली, "ते राहू दे. या वेळी आपल्या दोघांच्या सीटा शेजारीशेजारी असतील एवढं बघ."