टायर फुटला, की आपणच फाडला?

गेली वीस वर्षं अपघाताच्या बातम्या लिहितोय. "टायर फुटल्याने चालकाचा गाडीवरील ताबा सुटला" हे वाक्य किती वेळा टाइप केलं, मोजदाद नाही. टायर का फुटला, हे मात्र एकदाही कुणाला विचारलं नाही. मागच्या महिन्यात हेच वाक्य माझ्या घरच्यांवर लिहायची वेळ आली होती.

भाच्याने लातुरात सेकंडहँड गाडी घेतली. महिनाभरात "मामा, गाडी बसवली" म्हणत दाखवायला आणली. बसवली म्हणजे स्प्रिंग कापून दोन इंच खाली केली. त्यात रुंद टायर, अलॉय, चाकं मडगार्डबाहेर डोकावणारी. मीही "भारी दिसते रे" म्हणालो. ती माझी चूक.

साखरपुड्याला नांदेडला निघालो. आत पाच जण, डिक्कीत आहेराचं सामान. चाकूर सोडलं अन् मागून खर्रर्र आवाज सुरू झाला. खड्डा आला की खर्रर्र, ब्रेकर आला की धाडकन. भाचा म्हणे, "मामा, लोड आहे ना, तेवढं होतंच." अन् त्याने गाण्याचा आवाज वाढवला.

अहमदपूरला चहाला थांबलो. सहज मागच्या टायरला हात लावला तर चटका बसला. बाहेरच्या कडेला गोल चर पडला होता, आतले दोरे दिसत होते. पुढे लोह्यापर्यंत ऐंशी-नव्वदने गेलो असतो तर? ताईला अन् बायकोला एसटीत बसवलं. स्टेपनी लावून आम्ही चाळीसच्या वर न जाता नांदेड गाठलं.

गंमत बघा, स्टेपनी कंपनीच्या मापाची, अरुंद होती. ती घासली नाही.

नांदेडच्या मिस्त्रीचाचांनी गाडी वर उचलली अन् दहा मिनिटांत सगळं दाखवलं. चाक वर आलं की टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या कडेला लागतो. तिथला रंग उडून पत्रा चकाकत होता. धाडकन आवाज बंप रबरचा. चाकाला वर जायला जागाच उरली नाही, म्हणून प्रत्येक ब्रेकरला जंपर तळाला आपटतो. तिसरा टकटक आवाज कापलेल्या स्प्रिंगचा. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही, हलत राहतं. अन् स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती मऊ नाही, आणखी कडक होते. म्हणजे जागाही कमी अन् दणकाही जास्त.

भाचा म्हणाला, "चाचा, पत्र्याची कड ठोकून आत वाळवा, घासायचं थांबेल." चाचा हसले. "बेटा, आवाज थांबेल. रंग तडकेल, पत्रा गंजेल, अन् पाच माणसं बसली की टायर आणखी आत घासेल. खोकला दाबल्यानं टीबी जात नाही."

इलाज साधाच निघाला : मूळ स्प्रिंग, नवे बंप रबर, कंपनीच्या मापाचे टायर, शेवटी अलाइनमेंट. गाडी खाली-वर केली की चाकांचा कोन बदलतो. अलाइनमेंट केलं नाही तर टायर एकाच बाजूने झिजतात.

आता हिशेब करा. आपल्या छोट्या गाड्या रिकाम्या असताना जमिनीपासून साधारण १६-१७ सेंटीमीटर उंच असतात. दोन इंच, म्हणजे ५ सेंटीमीटर कापले की उरले ११-१२. नियमातला गोल ब्रेकर १० सेंटीमीटर उंच अन् ३.७ मीटर रुंद. पाच माणसं बसल्यावर उरलं काय? अन् आपल्याकडे नियमातला ब्रेकर असतो कुठे? गावात एक अपघात झाला की दुसऱ्या दिवशी लोक रस्त्यावर सिमेंटचा बांध घालतात. ना रंग, ना फलक. त्यावरही कुणी बोलत नाही.

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण एमएच-२४ असो की एमएच-२६, फॅन्सी नंबरप्लेटवर पावती फाटते. गाडीखाली वाकून कोण बघतो?

पोरांना नुसत्या शिव्या देऊन उपयोग नाही. हौस असतेच, मलाही होती. पण गाडीत आई बसते, बहीण बसते. गाडी बसवलेली असेल तर आज एवढं करा : पाच जण बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गाडी हळू चालवा, अन् उतरून चारही टायरच्या आतल्या-बाहेरच्या कडेवर हात फिरवा. चर लागला तर त्या टायरवर हायवेला जाऊ नका.

अन् माझ्यापुरतं ठरवलंय. यापुढे "टायर फुटल्याने" लिहिण्याआधी तो टायर बघून येणार. पत्रकार मित्रांनो, तुम्हीही बघा.