डिकीतली शिदोरी

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरातून आग्र्याला निघालं की मुरैना, चंबळचा पूल, मग धौलपूर. जानेवारीत धुकं असं उतरतं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा अगदी जवळ गेल्यावरच दिसतो. म्हणून डिकीत परावर्तक त्रिकोण, बॅटरी, जंपर केबल, ब्लँकेट आणि गजकेचा डबा. (स्टेपनीत हवा आहे का, हे मात्र कुणी बघत नाही.)

मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की बंद गाडीची भट्टी होते. बऱ्याच औषधांवर 30 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. ती आणि पॉवर बँक घरीच बरी. मग पाणी, ओआरएस, मलमपट्टी.

सासूबाई विचारतात, "वनवासाला निघालात का?" शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं त्यांचं घराणं! काल त्यांनीच लोणच्याची बरणी मागे ठेवली.