मधला नट

गाडीचा पुढचा शॉकअप गेला की गाडी स्वतःच सांगते. स्पीडब्रेकर एकदाच येतो, ती मात्र तीनदा मान डोलावते. ब्रेक मारला की नाक खाली घालते. आमच्या गाडीत आरशाला रोझरी टांगलेली आहे. रस्ता सपाट झाला तरी ती हलायची थांबेना, तेव्हा पप्पांनी गाडी अंगणात लावली, बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. शॉकअप चांगला असेल तर गाडी एकदा वर येऊन स्थिर होते. आमची डुलत राहिली. चाकामागे वाकून पाहिलं तर नळकांडं तेलानं ओलं, त्यावर धुळीचा थर.

एरवी हे काम पुढच्या महिन्यावर गेलं असतं. पण आजीच्या मणक्याला फ्रॅक्चर होतं आणि तिला तपासणीला नागपूरला न्यायचं होतं. पांढुर्ण्याहून नागपूर जवळपास 100 किलोमीटर. मागच्या खेपेला घरी पोचल्यावर ती म्हणाली, "रेंगीत बसून माहेरी जात होती मी, तेही अशी आदळत नव्हती." आणि पुढच्या तारखेला येणार नाही, असं सांगून मोकळी झाली.

गॅरेजमध्ये सांगितलेली रक्कम आणि नुसत्या सामानाची किंमत यांत आजीच्या महिनाभराच्या औषधांचा फरक होता. माझे मामा सौंसरला ट्रॅक्टर दुरुस्त करतात. ते फोनवर पप्पांना म्हणाले, "घरीच करू. पण मी येईपर्यंत वरच्या मधल्या नटाले हात नका लावू."

हा मधला नट समजायला आधी शॉकअप समजावा लागतो. इंग्रजी पुस्तकात त्याला स्ट्रट म्हणतात. शब्दकोशात पाहिलं तर अर्थ निघाला टेकू. आमच्याकडे संत्र्याची फांदी फळांनी वाकली की खाली बांबू लावतात, तोच टेकू. मला हा शब्द जास्त पटला. शॉकअप म्हटलं की वाटतं, हा फक्त धक्के खातो. खरं तर तो गाडीचं पुढचं अंग तोलूनही धरतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरनं स्प्रिंग, तेलातला दट्ट्या आणि चाकाला वरून धरणारा आधार हे सगळं एकाच खांबात आणलं. 1950 मध्ये इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सलला असे खांब होते, 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ला होते, आणि आजही आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे हेच असतात. भार स्प्रिंग पेलते. पण नुसत्या स्प्रिंगवर गाडी नाचतच राहील. म्हणून आत दट्ट्या तेलात वरखाली होतो, तेल बारीक भोकांतून जातं आणि उडीचा जोर उष्णता होऊन विरतो. तेल गळून गेलं की स्प्रिंगला आवरणारं कोणी उरत नाही.

गाडी उभी असली तरी ही स्प्रिंग दाबलेलीच असते. बॉनेट उघडलं की खांबाचं डोकं दिसतं. कडेचे नट खांबाला गाडीशी बांधतात. मधला नट स्प्रिंगला कोंडून ठेवतो. खालचे बोल्ट गंजलेले, चिखलानं माखलेले, आणि हा मात्र हाताशी, स्वच्छ. तोच आधी उघडला तर कोंडलेली स्प्रिंग सुटते आणि माणसाचं तोंड फोडू शकते.

मामा आले ते स्प्रिंग दाबायचे दोन शिकंजे घेऊनच. मागच्या चाकांना दगड लावले. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. जॅकवर उचलून खाली घोडी ठेवली, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नसतो. ब्रेकचा पाइप खांबापासून सोडवला. खालच्या दोन बोल्टांना आदल्या रात्रीच तेल पाजलं होतं, तरी एकानं अर्धा तास घेतला. चाकाचा भाग पाइपावर लोंबू नये म्हणून तारेनं बांधला. मग मी खालून खांब धरला आणि पप्पांनी वरचे कडेचे नट काढले. तो एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं.

शिकंजे स्प्रिंगला समोरासमोर लावतात आणि थोडं इकडे, थोडं तिकडे असं आवळत नेतात. एकच बाजू आवळली तर स्प्रिंग वाकडी होऊन निसटते. "तोंड बाजूले ठेव, पोरी," मामा दर दोन आट्यांनी म्हणत होते. स्प्रिंग वाटीत सैल हलायला लागली तेव्हा कुठे त्यांनी मधल्या नटाला पाना लावला.

एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूचा खांब उघडला तर वरच्या माउंटिंगचं रबर फाटलेलं. दुकानात विचारलं, गावात नव्हतं. पप्पा म्हणाले, "सध्या जुनंच बसवू. परवा आईची तारीख आहे."

"म्हणूनच तर नाही," मामा म्हणाले.

पप्पांना राग आला. ते आत जाऊन बसले. एक चाक नसलेली गाडी रात्रभर घोडीवर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूरच्या बसनं माउंटिंग आलं. बल्ब लावून काम केलं. स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेत बसलंय का, हे मामांनी मला बोट लावून बघायला सांगितलं. मधला नट पूर्ण आवळल्यावरच शिकंजे सैल केले, तेही तसेच, थोडं इकडे, थोडं तिकडे.

घरी करायचं म्हणजे सगळंच घरी करायचं, असं मला वाटायचं. पण खांब काढला-बसवला की चाकांचा कोन बदलतो, आणि तो डोळ्यांनी मोजता येत नाही. ते काम मशीनचं. आजीची तपासणी चालू असताना पप्पांनी नागपुरातच अलाइनमेंट करून घेतलं. पैसे वाचले, पण त्या दोन दिवसांत मला जास्त कळलं ते हे, की आपल्या हातानं काम करणाऱ्याला कोणता नट कधी उघडायचा नाही आणि कुठे थांबायचं, हे आधी ठाऊक असावं लागतं. मामांना ते ठाऊक होतं, म्हणून पप्पांचा राग त्यांनी चुपचाप सोसला.

नागपूरला जाताना आजी पुढच्या सीटवर होती. सावनेर आलं तेव्हा ती झोपलेली होती.