कार्तिकातली भोगी

मांजरसुंब्याच्या चौकात पाटोद्याकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघत उभा होतो. दिवाळी होऊन चारेक दिवस झाले होते. त्या दिवसांत बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर दिसतं तेच दिसत होतं, ऊसतोडीला निघालेले ट्रक. भांडी, गोधड्या, सरपण, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. एक ट्रक पंक्चर काढायला थांबला. लोक चहाला पांगले. एक बाई मात्र खाली उतरली, तीन दगड जुळवले आणि भाकरी करायला बसली.

पन्नाशीची असावी. आधी तिने पिठाची चिमूट जिभेवर ठेवली. बाजरीचं पीठ जुनं झालं की कडू होतं, तेच बघत असणार. मग काठवटीत पीठ मळलं, भाकरी थापली आणि कमरेच्या पिशवीतून तीळ काढून वर पेरले. नुसते भुरभुरले नाहीत; बोटाने दाबत, कडेपासून आत, गोल गोल.

वरून एक पोरगं ओरडलं, "आत्ये, भोगी लय लांब हाय आजून!"

"भोगीला कुठल्या फडात आसंन, कुणाला ठावं," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"तिचं आसंच आस्तंय," पोरगं मला म्हणालं. "पाडव्याचं बी आत्ताच करील."

एवढंच. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पण तेव्हापासून मी तिचं आयुष्य रचत बसलोय.

काही भाग रचावा लागत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असणार. नवरा-बायको मिळून एक कोयता, तसा हिशोब. सांगली, कोल्हापूर किंवा थेट बेळगाव. फडाजवळ कोपी, अंधारात चूल, उजाडायच्या आत तोड सुरू. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहनात भरायच्या. मजुरी टनावर. पहाटेच्या आणि रात्रीच्या भाकरी त्या टनात धरत नाहीत.

पुढचं माझं. लहानपणी तिने आईचे तीळ सांडले असतील आणि मार खाल्ला असेल. सासरी पहिल्या भोगीला तिच्या हातची मिसळीची भाजी, वांगं, गाजर, पावटा, हरभरा, बोरं, सगळ्यांनी पुन्हा मागून घेतली असेल. टोळीतल्या बाळंतिणीला ती न सांगता लसणाची चटणी वेगळी, कमी तिखट करून देत असेल. तव्याशी बोलत असेल. भोगीच्या भाजीत उसाचे करवेही घालतात, आणि भोगीच्या दिवशी तिच्याभोवती एकरच्या एकर ऊस उभा असेल. फक्त तीळ दाबायला वेळ नसेल.

मग माझीच मला शंका येते. ट्रक बघवत नाही, म्हणून मी त्यावर एक हौशी सुगरण बसवतोय का? कदाचित तिला चूल नकोशी असेल. कदाचित तीळ हा नवस असेल, किंवा गेलेल्या कुणाची आठवण.

पण दुसरं काय माहीत असतं आपल्याला? 2019 साली सरकारने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. आकडा मला पाठ आहे. ती त्या पाहणीत होती का, मोजली गेली का, कुठल्या बाजूला मोजली गेली, ठाऊक नाही. पाहणीत कुणी तिला विचारलं नसेल, की मावशी, तुम्हाला काय करायला आवडतं? मीही नाही विचारलं. माझ्याकडे तर पंक्चर निघेपर्यंतचा वेळ होता.

ते गोल मात्र मी पाहिले. पोट भरायला त्यांची गरज नव्हती. हाताला दुसरं काही काम नसल्यासारखी ती ते दाबत होती.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने चुलीवर पाणी ओतलं, काठवट उचलून काखेत धरली. उरलेली एक भाकरी माझ्यासमोर आणली.

"खा लेकरा. कड जरा पोळलीय."

मी काहीतरी म्हणालो, धन्यवादसारखं, जे अशा वेळी फार बावळट वाटतं. ती चाकावर पाय देऊन वर चढली. ट्रक सोलापूरच्या अंगाला वळला, माझी एसटी दुसरीकडे. भाकरी घाट उतरायच्या आत संपली. तीळ पाटोद्यापर्यंत शर्टावर सापडत होते.