चुन्याचं पिंप

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या हुपरीतल्या चांदीच्या भट्ट्या विझल्या. सराफ बाजार बंद, म्हणून मागणी नाही; मागणी नाही म्हणून आईच्या हातात कड्या नाहीत. चाळीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडणारी माझी आई रिकाम्या हातानं सोप्यात बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मीही माहेरी अडकले होते. त्याच दिवसांत भाच्यानं मला ‘नेशनस्टेट्स’ नावाचा ऑनलाइन खेळ दाखवला. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकानं आपल्या कादंबरीचा गाजावाजा व्हावा म्हणून 2002 साली तो सुरू केला होता. त्यात आपण एक देश काढायचा आणि चालवायचा. आम्ही आमच्या देशाचं नाव ‘पैंजण’ ठेवलं, चलन ‘तोळा’ आणि राष्ट्रीय प्राणी म्हैस.

रोज आमच्या सरकारपुढं प्रश्न यायचे. प्रत्येक प्रश्नावर दोन-चार माणसं पोटतिडकीनं आपापली बाजू मांडायची आणि आम्ही एकाचं ऐकायचं. कुणाचंच पटलं नाही तर प्रश्न बाजूला सारायचीही सोय होती. निर्णयाचा परिणाम आधी कळत नाही. बटण दाबल्यावर एक ओळ उमटते आणि आकडे वरखाली होतात: नागरी हक्क, अर्थव्यवस्था, राजकीय स्वातंत्र्य, कर, पर्यावरण. एक आकडा वर नेला की दुसरा कुठलातरी खाली यायचाच. मला हे फार आवडलं. दवाखाने वाढवले की कर वाढतो, कर कमी केला की शाळा उघड्या पडतात, हे भाच्याला कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर समजलं.

एके रात्री कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न आला. मी क्षणाचाही विचार न करता कडक कायद्याच्या बाजूनं बटण दाबलं. इचलकरंजी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. 2012 साली तिथं काविळीची साथ आली, माणसं दगावली. तेव्हा माझी मावशी महिनाभर अंथरुणाला खिळली होती. पंचगंगेचं पाणी कशानं नासतं हे आम्हाला कुणी सांगायला नको. निर्णय झाला, नद्या स्वच्छ झाल्या, उद्योगांचे आकडे घसरले. भाचा म्हणाला, “आत्ती, बेकारी वाढली बघ.” मी म्हटलं, “वाढू दे, पाणी महत्त्वाचं.”

तेवढ्यात परसातून ॲसिडचा वास आला. दादा एक जुनी राहिलेली ऑर्डर पुरी करत होता.

पैंजण झाळला की काळा पडतो. तो सौम्य ॲसिडात उकळायचा, मग रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं घासायचा, तेव्हा कुठं तो पांढराशुभ्र होतो. आमच्या घरात चांदीचा कणही वाया जात नाही. माल तोलून येतो आणि तोलून जातो. घट जास्त आली तर ती मजुरीतून वळती होते. सोप्यातला केर आई डब्यात साठवते आणि झारेकऱ्याला विकते. तो त्या धुळीतूनही चांदी काढतो. नायट्रिक ॲसिडात उतरलेली चांदी दादा तांब्याचा पत्रा टाकून खाली बसवतो आणि शेवटच्या गुंजेपर्यंत गोळा करतो. एवढं सगळं झाल्यावर उरलेलं आंबट, निळसर पाणी तो तेव्हा मोरीत ओतायचा. मोरीतून ते गटारात, गटारातून ओढ्यात. जन्मापासून बघितलेली गोष्ट, पण त्या रात्री ती मला नव्यानं दिसली. ज्याला भाव आहे ते आम्ही धुळीतूनही वेचतो. त्या पाण्याला भाव नाही, म्हणून ते आमच्या हिशेबातच नव्हतं.

हे पाणी असंच का सोडतोस, असं मी दादाला तिथंच विचारलं. तो चिडला नाही. हात धुतले आणि हिशेब सांगितला. पिंप घ्यायचं, चुना घ्यायचा, पाणी निवळायला रात्रभर ठेवायचं. तोवर दुसरी खेप थांबणार. मजुरी किलोवर मिळते. आपण दर वाढवला तर व्यापारी पलीकडच्या गल्लीत जाणार, तिथं कुणी चुना घालत नाही. भाच्यानं लगेच तोडगा काढला: सगळं काम गावाबाहेर तळंदग्याजवळच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत न्यायचं, तिथं एकच मोठं शुद्धीकरण केंद्र. खेळात असा पर्याय मी डोळे झाकून निवडला असता. आई सोप्यातून म्हणाली, “आन् आमी बायकांनी कुटं जायचं? चुलीवर भात ठेवून कड्या जोडतोय आमी. तिकडं गेलो तर पोरं कोन बघणार?”

हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली भागातला हा धंदा घराघरांतून चालतो, आणि त्यातली कितीतरी जोडणी बायकांच्या हातची आहे. घरबसल्या मिळणाऱ्या त्या मजुरीवर मुलींची शिक्षणं झाली. माझंही झालं. नदी वाचवणारा भाच्याचा तोडगा माझ्या आईच्या हातचं काम काढून घेत होता. खेळात तो आकडा ‘बेकारी’ म्हणून दिसतो. इथं तो आकडा माझ्यासमोर तांदूळ निवडत बसला होता.

त्यानंतर बाहेरचे निर्णयही मी तसेच तोलू लागले. इचलकरंजीला दूधगंगेतून पाणी देणारी सुळकूड योजना आली आणि कागल भागातून तिला विरोध झाला. मावशी इचलकरंजीची, मामाची शेती दूधगंगेच्या काठी. मावशीला प्यायला स्वच्छ पाणी हवं, मामाला उन्हाळ्यात ऊस जगवायला. दोघंही खरं बोलतात. माझं मत विचाराल तर पिण्याचं पाणी आधी. पण मामाच्या हक्काच्या पाण्याचं वेळापत्रक कागदावर लिहून दिल्याशिवाय पाइप टाकू नये, असंही मी तेवढ्याच ठामपणे म्हणेन. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात चांदीवरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं, तेव्हाही असंच झालं. भाव एकदम खाली आला. गिऱ्हाईक खूश, पुढची ऑर्डर स्वस्तात बसणार म्हणून छोटे उत्पादक खूश. आणि आदल्या आठवड्यात चढ्या भावानं चांदी घेऊन ठेवलेला आमचा शेजारी दोन दिवस जेवला नाही.

आमच्या घरातला निर्णय मात्र आम्ही घेतला. टाळेबंदी उठल्यावर दादानं परसात दोन निळी पिंपं बसवली. एकात दिवसभराचं पाणी साठतं, दुसऱ्यात चुना घालून ते रात्रभर निवळतं. खर्च तिघांनी वाटून घेतला: थोडा दादाच्या नफ्यातून, थोडा माझ्या पगारातून, आणि आईनं केराचे पैसे दिले, जे ती आजवर कुणाला हात लावू देत नव्हती. दादाची एक खेप कमी झाली. पहिल्या वर्षी ते जड गेलं. आता गल्लीत आणखी दोघांनी पिंपं बसवली आहेत.

खेळाकडं लक्ष द्यायला मग वेळ उरला नाही. 28 दिवस कुणी फिरकलं नाही तर तिथला देश नाहीसा होतो, आमचाही झाला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. चुन्यानं निवळलेल्या पाण्याखाली तांब्याचा निळा गाळ बसतो. तो आम्ही झाकणाच्या डब्यांत भरतो. भिंतीलगत असे अकरा डबे उभे आहेत. तो उकिरड्यावर टाकायचा नाही, एवढं आम्हाला कळतं. काम घरातच राहू द्या, बायकांच्या हातून ते काढून नेऊ नका. पण झारेकरी जसा दारात येऊन केर घेऊन जातो, तशी हा गाळ दारातून उचलणारी गाडी आठवड्यातून एकदा गावात फिरली पाहिजे. तिचा खर्च आम्हा कारखानदारांकडून किलोमागं घ्या. आमच्या घराचा वाटा द्यायला दादा तयार आहे.