लॉक त्यांचं, मजकूर आपला

डीटीपीवाले त्याला नुसतं 'लॉक' म्हणत. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टात खोचलेली अंगठ्याएवढी वस्तू. मराठी फाँटचं सॉफ्टवेअर सुरू होताना ती जागेवर आहे का ते बघायचं. नसली तर काम ठप्प. पुढे संगणकांवरून तो पोर्टच गेला आणि लॉक यूएसबीचं झालं.

*

फाँट करणाऱ्यांची बाजू खरी आहे. मराठीचा बाजार लहान, एकेका फाँटमागे महिनोन् महिने मेहनत, आणि फ्लॉपीवरून तो फुकट दुसऱ्या छापखान्यात. कुलूप लावल्याबद्दल त्यांना दोष देणार नाही.

पण लॉक बिघडलं की सीडी आणि बिल हातात असूनही काम अडतं ते पैसे मोजलेल्याचं. क्रॅक, म्हणजे लॉक तोडलेली प्रत, वापरणाऱ्याला ही अडचणच नाही. हे मला मुळीच मान्य नाही.

*

आपल्या कॉपीराइट कायद्यात (1957) संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. कलम 52 नुसार, प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती नष्ट होण्याच्या भीतीपोटी बॅकअप घेता येतो. 2012 मध्ये कलम 65अ आलं: हक्कभंगाच्या हेतूने लॉकसारखं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडलं, तर तो गुन्हा नाही. दुसऱ्याला त्यात मदत करणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची. ही सूट फार मोलाची आहे, आणि छापखान्यांत ती कुणी सांगत नाही.

*

तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये विक्रीकराच्या खटल्यात म्हटलं. प्रत विकली म्हणजे कॉपीराइट विकला असं नव्हे, हे 2021 मध्ये आयकराच्या वादात स्पष्ट केलं. म्हणजे प्रत गिऱ्हाइकाची, कॉपीराइट कंपनीचा.

*

खरं नुकसान मजकुराचं. युनिकोड हा सगळ्यांचा समान संकेत येण्यापूर्वी प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. तो फाँट नसेल तर लेखकाच्या स्वतःच्या कादंबरीची फाइल उघडते, पण वाचता येत नाही. सॉफ्टवेअरवर कंपनीचा हक्क आहे. त्या कादंबरीवर नाही. म्हणून विक्री बंद करताना कंपनीने संकेतांचा तक्ता खुला करावा आणि जुन्या गिऱ्हाइकांना बिनलॉकची आवृत्ती द्यावी.

*

ज्यांचं लॉक अजून चालतंय त्यांनी जुन्या फायली आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्याव्यात. आणि खरेदीचं बिल टाकून देऊ नये. प्रत कायदेशीर असल्याचा तोच पुरावा.